टोपीतली पानं

सोनटक्के गुरुजी पोरं मोजताना पोरांकडे पाहतच नसत. डोंगर चढण्याआधी पायथ्याच्या टेंभुर्णीची पानं तोडून प्रत्येकाला एकेक द्यायचे आणि उतरल्यावर डोक्यावरची टोपी उलटी धरायचे. टोपीत जितकी पानं, तितकी माणसं खाली आली.

"सरळ डोकी मोजा ना, गुरुजी," मी एकदा म्हणालो.

"पोट्टे हालतात, मास्तर. पान हालत नाही."

अकोल्याच्या शाळेत ते निसर्ग शिकवत, मी चित्रकला. वाटेत मुंग्या आडव्या आल्या की ते सगळा वर्ग थांबवत. "त्याइले जाऊ द्या. त्याइची शाळा आपल्याहून वेळेवर भरते!"

जुने विद्यार्थी भेटले की अजूनही 'वेड्या गुरुजीं'ची गोष्ट सांगून हसतात. मीही हसत आलो. आता ऐंशी ओलांडली, ती गोष्ट दुरुस्त करायला हवी.

साठ सालाच्या आधीचा हिवाळा. तीस मुलं घेऊन आम्ही नरनाळा किल्ल्याचा डोंगर चढलो. मला धरून एकतीस पानं वाटली होती. उतरल्यावर टोपीत तीस.

"एक वर राहिला," गुरुजी म्हणाले.

मी मोजलं, तर एकतीस. वर्गाच्या मॉनिटरनं मोजलं, तर एकोणतीस. तो स्वतःला धरायला विसरला होता. एकानं आम्हा दोघा मास्तरांनाही धरलं, बत्तीस झाले. कोण खरं, कुणालाच कळेना.

"मोजत बसा तुमी," म्हणून गुरुजी काठी टेकत पुन्हा वर निघाले.

मग मला आठवलं. बुरुजावर चित्र काढता काढता मी माझ्या पानात तंबाखू गुंडाळून बिडी ओढली होती. बिडी ओढणारा मास्तर हेडमास्तरांना खपत नसे आणि माझी नोकरी कच्ची होती. 'माझं पान वाऱ्यानं उडालं,' एवढं खोटं बोललो असतो तरी भागलं असतं. तेही बोललो नाही.

गुरुजी परतले तोवर शेवटची यष्टी गेली होती. "सापडलं," एवढंच म्हणाले. बरोबर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक जमले. हेडमास्तर तापलेले.

"हरवलं कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग सापडलं कोण?"

"ते सांगता येत नाही, साहेब."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. गुरुजींच्या सहली कायमच्या बंद झाल्या.

ते वारले तेव्हा जठारपेठेतल्या त्यांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहायचे. त्यांच्या पुतण्यानं एक वही पुढे केली. "घ्या काका, याच्यात तुमचं लिवलं आहे."

वहीत नरनाळ्याच्या सहलीच्या पानावर अर्धी जळलेली बिडी चिकटवलेली होती. शेजारी पेन्सिल तासल्याची साल. खाली लिहिलं होतं : 'टेंभुर्णी. बुरुजावर मिळाली. चित्रकलेचे मास्तर. नोकरी कच्ची, लेकरू लहान. बोलू नये. एकतीस पूर्ण.'

पुढे दर रविवारच्या डोंगरफेरीचं एकच वाळलेलं पान. प्रत्येकाखाली तेच अक्षर : 'गेले एक. आले एक.'