बशीरचाचांचं बोट

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर कुलगुरूंची सही आहे. खरं म्हणजे तिथे पौडच्या बशीरचाचांचं बोट उमटायला हवं होतं. उजव्या हाताचं, टोकाला भाजून भाजून गुळगुळीत झालेलं.

पौडच्या बाजारात चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुकानात मीटर होता, पण तो गिऱ्हाइकाला धीर वाटावा म्हणून. चाचा स्वतः बोटावर चालायचे. यंत्र उघडून एकेका भागावर बोट टेकवायचं, डोळे मिटायचे आणि वैद्यासारखं सांगायचं, "ह्याला ताप हाय."

एकदा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. चाचांनी बोट ठेवलं आणि बाईंना विचारलं, "ह्यात काय वाटलं?"

"शेंगदाण्याची चटणी."

"पानी न घालता?"

बाई ओशाळल्या.

"तरीच अजून कन्हतंय."

दुसरी खोड चिठ्ठ्यांची. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला ते पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे. मालकाचं नाव, गाव आणि खाली एकच शब्द : 'येणार'. मालक वस्तू घेऊन गेला की तो शब्द खोडून 'आला' लिहायचे आणि चिठ्ठी तारेत ओवून ठेवायचे. वरच्या फळीवर काही रेडिओ कित्येक वर्षं 'येणार'च होते. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर चाचा ते एकेक करून वाजवून बघायचे.

मी म्हणालो, "चाचा, ही माणसं आता येत नाहीत."

"तू ठरीवनार का? उद्या आला आन् रेडू बंद निघाला, तर काय म्हनंल मला?"

मी त्यांच्याकडे पोचलो तो एका शब्दाच्या घोटाळ्यातून. दोन हजार पाच साल. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. पौडजवळच्या रिहे गावातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रोजेक्ट म्हणून मी हातात धरून खेळायचा गेम बनवला होता. जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात छोटा पडदा, चार बटणं, चौकोनी बॅटरी. परीक्षकांसमोर तो अर्धा तास चालायला हवा होता, नाहीतर वर्ष वाया. माझा गेम वीस मिनिटांत मान टाकायचा.

"रेग्युलेटर बदलावा लागणार," मी जेवताना म्हणालो. दुसऱ्या दिवशी वडील शेजाऱ्यांच्या गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर मागून घेऊन आले.

"ह्यो बसंल का बघ. सांजच्याला परत द्यायचाय, त्यांची चूल बंद हाय."

मला हवा तो विजेचा, नखाएवढा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. शेवटी तेच म्हणाले, "मंग बशीरभाईकडं जा."

चाचांनी माझ्या रेग्युलेटरवर बोट ठेवलं आणि झटक्यात तोंडात घातलं. "आयला! ह्याला ताप न्हाई, ह्यो जळतोय! काय काम करतो?"

"बॅटरीचे नऊ व्होल्ट घेतो, पाच पुढे सोडतो."

"आन् वरचे चार?"

"उष्णता होऊन जातात."

"म्हंजी पाटाचं पानी वाटनारा पाटकरी हाय. पर असला पाटकरी, की पाच वाफं भिजवायला नऊ वाफ्यांचं पानी घेतो आन् ऱ्हायलेलं रस्त्यावर सोडतो. कुनी ठिवला ह्याला?"

"पुस्तकात होता."

"पुस्तकाला पानी लागत न्हाई, इंजिनेर."

मी सांगितलं, दुसऱ्या जातीचा रेग्युलेटर असतो. तो सेकंदाला हजारो वेळा दार उघडतो, मिटतो आणि लागेल तेवढंच घेतो.

"मंग त्यो आन की! कामाचा मानूस सोडून ह्या उधळ्याला कवटाळून बसलाय."

पुण्याहून तो आणला. चौकोनी बॅटरीच्या जागी सहा पेन्सिल सेल बसवले, डबा पावाच्या लादीएवढा झाला. लागणारी तारेची गुंडाळी चाचांनी एका मेलेल्या टीव्हीतून काढून दिली. डायोड मी नेहमीचाच लावला. तरी डबा तापायचाच. मी वहीत गणितं मांडली, चाचांनी बोट फिरवलं. रेग्युलेटर गार. गुंडाळी कोमट. डायोडवर बोट थांबलं.

"हितं ताप हाय."

"चाचा, तो नुसता एकेरी दरवाजा आहे."

"व्हय, पन सुस्त हाय. तुजा पाटकरी हाका मारतोय, आन् ह्ये आपलं आळोखेपिळोखे देत मिटतंय."

घरी जाऊन पुस्तक काढलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तेच लिहिलं होतं : इथे झटपट मिटणारा डायोडच लागतो. तो लावला आणि गेम दोन तास चालला.

चाचांनी पैशाचं नावच काढू दिलं नाही. "पास झालास की डबा घिऊन ये. मी बी खेळंन. घरात माज्यासंगं खेळायला दुसरं हाय कोन?" म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

"आणतो," मी म्हणालो.

पास झालो. परीक्षकच खेळत बसले, डबा परत देईनात. निकालाच्या आठवड्यातच बंगळूरला नोकरी लागली, आणि डबा ट्रंकेत माझ्याबरोबर गेला. दोन वर्षं गेली.

मग एकदा वडिलांचा फोन आला. रेडिओ दाखवायला पौडला गेले होते. "बशीरभाईच्या वरच्या फळीवर काळा तुकडा हाय, नखाएवढा. त्याला चिठ्ठी बांधलीया. 'इंजिनेर, रिहे.' खाली लिवलंय, 'येणार.' काय ठिवून आलायस रं तितं?"

मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहिलं :

'चाचा, सलाम.

फळीवर माझा जळका पाटकरी आहे असं कळलं. तो फेकू नका, पण त्याच्यावर शुक्रवारचं बोटही ठेवू नका. ताप कधीच उतरला आहे.

डबा चालू आहे. सेल नवे घातलेत, डायोड गार आहे, तरी तुम्ही हात लावून बघाच. दोघांनी खेळता यावं म्हणून आणखी चार बटणं बसवली आहेत. तुमची बटणं जरा मोठी घेतली आहेत, बोट ओळखीचं आहे म्हणून.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं पौडला उतरतो. पेन जवळ ठेवा. चिठ्ठीवरचा शब्द माझ्यासमोर खोडायचा आहे.

तुमचा,
इंजिनेर, रिहे'