धक्का बसू नये म्हणून

कलम १

हलत्या वस्तूला थांबवण्याचे जगात दोनच मार्ग आहेत : एकदम आणि हळूहळू. पहिल्याला अपघात म्हणतात, दुसऱ्याला प्रशासन. वस्तू दोन्हींत थांबतेच. दुसऱ्यात काच फुटत नाही, एवढंच.

शास्त्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो शून्यावर आणायचा तर बल लावावं लागतं, आणि किती बल लागेल ते वेळेवर ठरतं. वेळ कमी तर बल जास्त, वेळ जास्त तर बल कमी. म्हणून अंडं फरशीवर पडलं की फुटतं आणि गादीवर पडलं की वाचतं. (बल गुणिले वेळ याला पुस्तकात आवेग म्हणतात. माणूस रागाच्या भरात जिना चढून येतो त्यालाही आपण आवेगच म्हणतो. भाषेने ही सोय उगाच केलेली नाही.)

रस्ते कार्यालयाचा तक्रार विभाग ही अशी एक गादी आहे. मी तिथे आवक टेबलावर बसतो, म्हणजे गादीचा सगळ्यात वरचा थर.

कलम २

माणूस तिसऱ्या मजल्यावर येतो तेव्हा त्याचं सरासरी वस्तुमान बासष्ट किलो असतं आणि वेग चांगला असतो. इतर कार्यालयांत त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणतात आणि तो दारातच फुटतो. आम्ही त्याला झेलतो. साहेब मीटिंगमध्ये आहेत. अर्ज दोन प्रतींत हवा. तारीख उजवीकडे घाला. उजवीकडे म्हणजे तुमच्या नव्हे, माझ्या. प्रत्येक वाक्याला थोडा वेग कमी होतो आणि कुणालाही लागत नाही.

गेल्या वर्षी रागाने आलेले : १,३१२. अंगावर एकही ओरखडा न येता घरी परतलेले : १,३०९. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी घरच बदललं, आणि एकजण बाकावर इतके दिवस बसला, की मोजणीत त्याची नोंद फर्निचरमध्ये झाली. (दुरुस्ती चालू आहे.)

कलम ३

या पद्धतीचे जनक म्हणजे आमचे साहेब. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक फ्रेम आहे. तिच्यात त्यांच्या नववीच्या उत्तरपत्रिकेचं एक पान आहे. प्रश्न : चेंडू झेलताना खेळाडू हात मागे का नेतो? उत्तर : चेंडू थांबायला लागणारा वेळ वाढावा म्हणून, वेळ वाढला की धक्का कमी बसतो. तीनपैकी तीन. बाजूला लाल शाईत, ‘छान!’

साहेब म्हणतात, “पुढची पुस्तकं मी परीक्षेपुरती वाचली. नोकरी केली ती या तीन मार्कांवर.”

कलम ४

(हे कलम मंजुरीसाठी वर गेलं आहे. आलं की लावू. तोवर वाचकांनी पुढे चालावं.)

कलम ५

दोन वर्षांमागे त्या लाल शाईच्या बाई स्वतः आमच्याकडे आल्या. आता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. बरोबर शाळेच्या शिपाई मावशी होत्या, गळ्यात शिट्टी. शाळेचं फाटक उतारावर उघडतं. वरच्या अंगाला काँक्रीटचा कारखाना आहे, तिथले मिक्सर भरून खाली येतात. शाळा भरताना आणि सुटताना मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून हात वर करतात आणि मुलं पलीकडे जातात. मागणी एकच : फाटकाच्या वर एक स्पीड ब्रेकर.

साहेब उठून उभे राहिले. “बाई, तुम्ही? बसा ना.”

बाईंनी चष्मा लावून फ्रेम पाहिली. “अरे, हे तर माझं अक्षर!”

“सगळं तुमचंच आहे, बाई.”

“मग साहेब,” मावशी म्हणाल्या, “बाईंच्या शब्दाखातर तेवढा उंचवटा टाकायला हरकत काय?”

“हरकत काहीच नाही, मावशी. म्हणून तर वेळ लागेल. हरकत असती तर आजच नाही म्हटलं असतं.”

“तसे थांबतात हो बिचारे मिक्सरवाले. परवाही एक थांबला, पण माझ्या चपलेवर. पाय मी काढून घेतला होता म्हणून बरं.”

साहेब हसले, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांचा वेग तेव्हा बराच होता.

कलम ६

आमच्या अभियंत्याने जागेवर जाऊन मोजमाप घेतलं. भरलेला मिक्सर : पंचवीस टन, ताशी चाळीस किलोमीटर. मावशी : अठ्ठेचाळीस किलो, वेग शून्य, सबब संवेग शून्य. अभिप्राय : ज्या पक्षाचा संवेगच शून्य आहे त्याचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध काय, याचा खुलासा अर्जदाराने करावा.

बाईंनी चार पानी खुलासा दिला, आकृत्यांसह. टक्कर दोघांची असते. त्यातला एक स्थिर असला तरी तो टकरीत असतोच. एकूण संवेग तेवढाच राहतो, मिक्सर जो गमावेल तो मावशींना मिळेल. मुद्दा बिनतोड होता. आम्ही तो तातडीने आस्थापना शाखेकडे पाठवला : कामावर असताना कर्मचाऱ्याने वाहनाकडून काही स्वीकारणं नियमात बसतं का?

आस्थापनेला सात महिने लागले. (बसत नाही.)

दरम्यान बाई अकरा वेळा आल्या. पहिल्यांदा त्या तीन मजले दोन मिनिटांत चढल्या होत्या. सहाव्या वेळी दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. अकराव्या वेळी प्रत्येक वळणावर बसल्या आणि माझ्या टेबलाशी आल्यावर फक्त म्हणाल्या, “काही?” संवेग घटल्याचं याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही नाही.

मावशी पहिल्या खेपेनंतर आल्याच नाहीत. मी एकदा बाईंना सहज विचारलं, तर म्हणाल्या, “येत नाही ती. म्हणते, मी तिकडे आले तर इकडे हात कोण वर करणार?”

कलम ४

(मंजूर होऊन आलं. योग्य जागी लावलं आहे.)

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, शाळा भरताना, भरलेल्या मिक्सरने शिपाई मावशींना उडवलं. सहावीतल्या दोन मुलींना त्यांनी बाजूला ढकललं होतं. मुली ठीक आहेत. मावशी जागीच गेल्या.

कलम ७

ही टक्कर एका सेकंदाचा दहावा भागही चालली नाही. एवढ्या वेळात आमच्या विभागात पेनाचं टोपण निघत नाही. तेव्हा या घटनेचा विभागाशी संबंध जोडता येणार नाही. ती आमच्या पद्धतीने झालीच नाही.

तथापि एक चूक मान्य केली पाहिजे. मुलींना ढकलताना मावशी जागच्या हलल्या होत्या, म्हणजे त्यांचा वेग शून्य नव्हता आणि संवेगही शून्य नव्हता. अहवालात तशी दुरुस्ती केली आहे.

कलम ८

गुरुवारी बाई आल्या. यावेळी वळणांवर बसल्या नाहीत.

मी त्यांना नवा अर्ज लागेल म्हणून सांगितलं. जुन्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘रस्त्यात उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्यास धोका’. आता रस्त्यात कर्मचारी नाही, म्हणजे कारण उरत नाही. हे मी अगदी हळू सांगितलं. त्या माझ्यावरून तशाच आत गेल्या. गादीला गादी मानलं नाही तर तिचा उपयोग होत नाही.

आत त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, टेबलावर पालथी घातली आणि मागचा पुठ्ठा काढला. साहेब उठून उभे राहिले, वर्गात उभे राहतात तसे.

“बाई, उत्तर चुकलं होतं का?”

“नाही रे. उत्तर बरोबर होतं. प्रश्न मी अर्धा विचारला.”

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि ‘छान!’च्या खाली दोन शब्द लिहिले : ‘कुणाला बसणारा?’

“मार्क राहू देत तुझे,” म्हणाल्या. “कापायचे ते माझे.”

त्या गेल्यावर साहेब बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिलं आहे आणि तशी नोंदही केली आहे. मग त्यांनी पान उचललं, कोपऱ्यात सही केली, वर शेरा मारला, ‘तपासून सादर करावे’, आणि माझ्याकडे दिलं. सध्या ते आवक टेबलावर आहे.

शाळेने मावशींच्या जागी माणूस मागितला आहे. तो अर्जही योग्य वेगाने चालला आहे. तोवर रस्त्याच्या मधोमध, शिट्टी गळ्यात घालून, बाई स्वतः उभ्या राहतात. वस्तुमान त्रेपन्न किलो. वेग शून्य.

कलम ९ (वाचकांसाठी)

कलम ४ आमच्याकडे पहिल्या दिवशीच तयार होतं. चार छोटी वाक्यं. ती अगदी सुरुवातीला छापता आली असती, पण तुम्हाला एकदम लागली असती. कदाचित तुम्ही उठला असता, शाळा कुठली म्हणून विचारलं असतं, चप्पल घालून जिना चढून आमच्याकडे आला असता. म्हणून आम्ही आधी अंडं दिलं, मग फर्निचर, मग चप्पल. दोन-तीन ठिकाणी तुम्ही हसलात. आता पान उलटाल.

अंगावर एकही ओरखडा न येता घरी परतलेल्यांच्या यादीत तुमचा क्रमांक १,३१० आहे.