दम न लागणारा लॅपटॉप

माझी पमाआत्या दर रविवारी कुणाच्या तरी नव्या फ्लॅटमध्ये जाऊन भाकरी थापते. पीठ नाही, परात नाही, गॅस नाही. सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी राहते, पदर खोचते आणि हवेतच थापायला लागते. कोपर भिंतीला लागलं की थांबते आणि शेजारी उभ्या असलेल्या सेल्समनला सांगते, "नापास."

"मॅडम, मॉड्युलर किचन आहे हे."

"असू द्या. बाई मावत नाय ह्याच्यात. तुम्ही कधी सैपाक केलाय का? व्हय का नाय, तेवढंच सांगा."

तिला फ्लॅट घ्यायचा नसतो. तिनं जन्मभर शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवली, लग्न केलं नाही, आणि आता पडेगावात दोन खोल्यांत एकटी राहते. तिच्या डोळ्यांदेखत शहर दौलताबादच्या दिशेनं पसरत गेलं. जिथं ज्वारी उभी असायची तिथं पार्किंग आलं. त्याबद्दल तिची तक्रार नाही. "बांधा की. पण बांधायच्या आधी जरा राहून बघा," एवढंच तिचं म्हणणं.

कॅडच्या क्लासला ती गेली तेव्हा सलग दुसरा पाऊस दगा देऊन गेला होता. इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसून ती संगणकावर घरं काढायला शिकली. नंतर क्लासला सुट्टी लागली आणि तिची नजर माझ्या लॅपटॉपवर पडली. त्यावर मी ऑफिसची पत्रं टाइप करायचो. आत्यानं त्यावर तिनं काढलेलं घर उघडलं, जरासं फिरवलं आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. घर अर्धं वळून तिथंच थांबलं.

"ह्याला दम लागायलाय," आत्या म्हणाली. "उद्या गाडी काढ. दम न लागणारा घेऊ."

"एवढी घाई कशाला?"

"टँकर यायच्या आत पाहिजे."

त्या उन्हाळ्यात अख्खं शहर टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. टँकर येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली एकटी माझी आत्या. म्हणजे, पाणी असतं तर तिनं नक्की घातले असते.

कारण शमीमबाईंचं होतं. आत्याच्याच शाळेत त्या हिंदी शिकवायच्या. पाय गेल्यापासून व्हीलचेअरवर होत्या. आखातात असलेल्या मुलानं त्यांच्यासाठी पडेगावातच तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता. खांब उभे, छत टाकून झालेलं, पण पाण्यावाचून भिंतींचं काम अडलेलं. नकाशातलं बाथरूमचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर आत जाणंच शक्य नाही. आत्यानं कागदावर चित्र काढून बिल्डरला दाखवलं. तो म्हणाला, "बाई, चित्र छान काढता तुम्ही." आत्या त्या दिवशी जेवली नाही.

तेव्हा टँकर आला की विटा चढणार, आणि विटा चढायच्या आत बिल्डरच्या गळी हे उतरवायचं, असा मामला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं पहिल्यांदा एक गुलाबी लॅपटॉप पुढं केला. "मावशी, एकदम हलका. नातवंडांशी व्हिडिओ कॉलला मस्त."

"हलका कशाला? मला का कडेवर घेऊन फिरायचंय त्याला? ग्राफिक्स कार्ड वेगळं हाय का सामाईक?"

दुकानदारानं गुलाबी लॅपटॉप मिटला. "सामाईक आहे, पण चालून जातं."

"नाय चालत. आमच्या गल्लीत सामाईक नळ हाय. मला माहितीय काय होतं ते."

दुसऱ्या लॅपटॉपची हार्डडिस्क किती मोठी ते तो सांगायला लागला, तर आत्यानं हात वर केला. "तुम्ही माळा केवढा ते सांगायलेत. मला ओटा केवढा ते सांगा. रॅम! काम ओट्यावर होतंय, माळ्यावर नाय."

दुकानदाराच्या चेहऱ्यावर आता वेगळाच उत्साह दिसायला लागला. इतकं नेमकं मागणारं गिऱ्हाईक बहुतेक फार दिवसांनी आलं होतं. त्यानं आतून एक काळा, जाडजूड लॅपटॉप आणला. प्रोसेसर दणकट, ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र. आत्यानं पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"मॅडम, असं दुकानात चालवून नाही बघता येत."

"साडी घेताना घडी मोडता का नाय?"

त्यानं घडी मोडली. सॉफ्टवेअर चढलं, शमीमबाईंचं घर उघडलं. आत्यानं माउस फिरवला आणि घर गर्रकन फिरलं! छत उचललं, भिंती आरपार झाल्या, दारं उघडली. मोबाइल घ्यायला आलेली माणसं आमच्याभोवती जमली. "गेम है क्या?" कुणीतरी विचारलं. आत्याचं लक्ष नव्हतं. तिनं लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात घातला आणि डोळे मिटून थांबली.

"कणकण हाय थोडी," ती म्हणाली. "ताप नाय. द्या हाच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून शमीमबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "पमा, टँकर आ गया गे! गारा कालवायलेत!"

मी आयुष्यात तशी स्कूटर चालवली नाही. मागं आत्या, तिच्या मांडीवर खोकं, आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीत एक धपाटा.

साइटवर सिमेंटच्या गोण्यांवर लॅपटॉप ठेवला. ऊन पडद्यावर पडू नये म्हणून मी छत्री धरली. शमीमबाई व्हीलचेअरची चाकं फिरवत जवळ आल्या. बिल्डर नाइलाजानं वाकला. आत्यानं पडद्यावर एक छोटी व्हीलचेअर सोडली. ती बैठकीतून आली, वळली, बाथरूमच्या दारात अडकली. आत्यानं मागं घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा अडकली.

बिल्डर पडद्याकडं बघत होता. मग त्यानं शमीमबाईंच्या खुर्चीकडं बघितलं.

"थांबा रे," तो गवंड्याला ओरडला. "दार मोठं घ्यायचंय. बाई सांगतील तसं."

मी छत्रीसकट उडी मारली. आत्यानं मात्र घाईनं चित्र मिटायला घेतलं. पण बिल्डरला आता गोडी लागली होती. "बेडरूम दाखवा की, बाई." त्यानं स्वतःच माउस हलवला. "दोन पलंग? इथं तर मॅडम एकट्याच राहणार ना?"

सगळ्या शहराच्या स्वयंपाकघरांना नापास करणारी माझी आत्या गोणीवरची सिमेंटची धूळ बोटानं सारखी करायला लागली.

"जागा रिकामी दिसायली होती," ती म्हणाली. "म्हणून टाकला. काढता येतो. एक बटन दाबलं की जातो."

शमीमबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पडदा बराच वेळ निरखला.

"खिडकीवाला मेरा," त्या म्हणाल्या. "तू दरवाजेकने सो. घोरती तू."

आत्यानं नाकावर पदर धरला. मग माउस हातात घेऊन एक पलंग हळूच दाराकडं सरकवला.