मिस्त्रीचं मत

मिस्त्रीनं त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं, की आज पान्हा जागेवर ठेवायचा.

यात वाईट काय होतं सांगा. माणूस सुधारायला निघाला होता. त्याचं अर्धं आयुष्य गेलं पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार भरण्यात, आणि उरलेलं अर्धं गेलं पान्हा शोधण्यात. पान्हा कधी खाटेखाली, कधी खिडकीत. एकदा तर मोटारीच्या आतच राहिला आणि गिऱ्हाईकानं बटण दाबल्यावर सापडला. (गिऱ्हाईकही सापडलं, पण जरा लांब.) तर त्या दिवशी काम संपल्यावर मिस्त्रीनं कधी नव्हे तो पान्हा पुसला आणि पुढच्या खोलीतल्या कपाटाकडं गेला. कपाट त्यानं स्वतःच्या हातानं ठोकलेलं. घरातली भांडी बायकोची, खाट बायकोच्या माहेरची, घड्याळ सासऱ्याचं. मिस्त्रीचं म्हणावं असं त्या घरात तेवढं एक कपाट होतं. त्यानं दार उघडलं, तर पान्ह्याच्या जागेवर गोगलगाईवर बसलेली चेटकीण.

बोटाएवढी. टोपी घातलेली. मिस्त्रीकडं बघून दात काढत होती.

तिच्या मागं तीन डोक्यांचा ड्रॅगन. बेरिंगच्या डब्यावर एक परी पाय सोडून बसलेली. आणि वार्निशच्या बाटलीला टेकून एक सांगाडा उभा, जसा काय काडेपेटी मागायला आलाय.

मिस्त्रीबद्दल लोक म्हणायचे, याच्या मोटारीला फ्यूज असतो, याला नाही.

"अगं ए, इकडं ये. ही कुणाची भुतावळ?"

बायको हात पुसत आली. "माझी. ओरडू नका, त्या पडतील."

"खिडकी तुझ्या बाहुल्यांनी भरली, टीव्हीचं डोकं भरलं, आरशासमोर दाढी करायची तर मध्ये राक्षस. आता माझ्या हत्यारांच्या उरावर?"

"बाहुल्या नाहीत. फिगरी म्हणतात त्यांना. जगभर लोक जमवतात."

"जगभर लोकांना अक्कल नाही म्हणून मी पान्हा काय डोक्यात ठेवू?"

"ठेवा की. तिथं रिकामंच आहे."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बायको थांबणारी नव्हती. ती म्हणाली, आता तर आणखी जागा लागणार. ही कंपनी दर वर्षी फॅन लोकांना विचारते, नवीन फिगर कोणती काढू. फॅन सुचवतात, मग फॅनच मत देतात. जिला जास्त मतं, ती फिगर कंपनी बनवते आणि सगळीकडं विकते. "आणि मी सुचवलेली शेवटच्या फेरीत पोचलीय," ती म्हणाली.

"फॅन? फॅन मी रोज दुरुस्त करतो. जळलेले, डुगडुगणारे, कुरकुरणारे. एकानंही आजवर मला मत दिलं नाही."

"तुम्ही बोलू द्याल तर देईल ना तो. या घरात मत एकाचंच. भिंतीला रंग तुमचा, दाराला पडदा तुमच्या पसंतीचा, भाजीत मीठ किती तेही तुम्ही सांगणार. लग्न होऊन या घरात आले, मला कुणी कधी विचारलं का, बाई, तुझं काय मत? त्या कंपनीनं विचारलं."

उत्तर नसलं की मिस्त्रीचा आवाज वाढायचा. तो एवढ्यानं ओरडला की परी डब्यावरून खाली पडली.

"ठीक आहे. होऊन जाऊ दे. तुझी ती फिगर निवडून आली, तर हे कपाट तुझं, माझी हत्यारं पोत्यात. आणि पडली, तर ही सगळी पलटण खोक्यात भरून माळ्यावर. पुन्हा खाली उतरवायची नाही."

"कबूल," बायको म्हणाली.

लगेच म्हणाली. तिथंच मिस्त्रीला शंका यायला पाहिजे होती. पण राग आणि शंका एका वेळी डोक्यात मावत नाहीत, आणि मिस्त्रीचं डोकं तसं लहानच.

"सुचवलंयस तरी काय?"

"बघालच."

बघायला मिस्त्री तरातरा निघाला, तो थेट मेहुण्याकडं. मेहुणा कोपऱ्यावर फोन दुरुस्त करायचा. दुकान कसलं, एक काचेची पेटी आणि पेटीमागं मेहुणा.

"या दाजी, बसा. ताईची फिगर बघितलीत का? लोक नुसते वेडे झालेत."

मिस्त्रीनं बाह्या वर केल्या. "कुणाची काय बघतात लोक?"

"अहो दाजी, ती नव्हे. ही, ही." मेहुण्यानं घाईघाईनं फोन पुढं केला. दाजींना वाचता यावं म्हणून त्यानं सगळं मराठीत आणून ठेवलं होतं.

फोनवर एक बुटका होता. ढेरी पुढं आलेली, बनियन छातीपर्यंत गुंडाळलेला, कानावर पेन्सिल, एकाच पायात चप्पल. हातात पान्हा. आणि तोंड असं उघडं, की आतली पडजीभसुद्धा कलाकारानं सोडली नव्हती. खाली लिहिलं होतं, 'तापट बुटका. भट्टीपाशी राहतो. पान्हा हातात धरून पान्हा शोधतो. आवाज मोठा, पण चावत नाही.'

मिस्त्री खो खो हसायला लागला. सकाळपासून पहिल्यांदा हसला.

"हे काय ध्यान आहे रे. तोंड बघ, गटाराचं झाकण उघडं राहिल्यासारखं. असला माणूस ज्या बाईच्या पदरात पडला, तिचं नशीबच फुटलं म्हणायचं."

मेहुणा खोकला. "हो दाजी. आम्ही घरचे पण तेच म्हणतो."

तेवढ्यात शेजारच्या दुकानातला न्हावी कात्री हातात घेऊनच डोकावला. त्यानं फोनकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं.

"अरे वा, मिस्त्री. फोटो झकास आलाय तुमचा."

मिस्त्रीचं हसू तोंडातच राहिलं. त्याचा एक हात छातीवर गेला. बनियन गुंडाळलेला होता. दुसरा हात कानावर गेला. पेन्सिल होती. मग त्यानं हळूच खाली बघितलं. एक चप्पल पायात होती. दुसरी, निघण्याच्या तणतणीत, घरीच राहिली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. (अनवाणी पायाची आधी.)

"नवऱ्याचं सोंग करून चव्हाट्यावर मांडलं? आणि त्यावर लोक हसणार? हे खाली काय लिहिलंय, निळ्या पट्टीवर?"

"मत द्या, असं आहे दाजी."

"कोण देऊ शकतं?"

"कुणीही. पण दाजी, ते मत म्हणजे…"

"तू गप्प बस. मत म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. माझ्याकडं आहे मत."

मेहुणा गप्प बसला. दाजी गप्प म्हणाले की गप्प बसायचं, हे त्याला ताईनंच शिकवून ठेवलेलं होतं.

मिस्त्रीनं फोन तोंडासमोर धरला आणि मत दिलं. ते मत इथं लिहिण्यासारखं नाही. निम्मं कंपनीला होतं, पाव हिस्सा फॅन लोकांना, आणि उरलेलं सासरवाडीला. न्हाव्याच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन ऐकत उभं राहिलं. सगळं बोलून झाल्यावर मिस्त्रीनं अंगठ्यानं निळी पट्टी दाबली, ढेकूण चिरडावा तशी.

फोनवर अक्षरं उमटली. 'धन्यवाद. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

मिस्त्री बघतच राहिला. हे त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. बायको नाही, गिऱ्हाईक नाही, सासरा तर नाहीच नाही.

"माणसं बरी दिसतात," तो म्हणाला. "अजून एक देतो."

"दिवसाला एका फोनवरून एकच मत, दाजी."

"एकच? अरे, माझी तर दात घासून होईपर्यंत चार होतात."

त्या दिवसापासून मिस्त्रीनं रान उठवलं. एका माणसाचं मत कंपनी ऐकणार नाही, पण गावानं झापलं तर ऐकावंच लागेल, हा त्याचा हिशेब. कुणी मोटार न्यायला आला की मिस्त्री मोटारीवर हात ठेवून उभा. "तयार आहे. आधी त्या बुटक्याला मत दे. नुसतं बटण दाबू नकोस, नीट झापून दे." पाण्यावाचून अडलेला माणूस कशालाही मत देतो. लोक फोनला चार शिव्या घालायचे, पट्टी दाबायचे, मोटार उचलायचे. एक म्हातारा तर स्वतःच्या सुनेबद्दल बराच वेळ बोलला आणि मग डोळे पुसून त्यानं पट्टी दाबली. म्हणाला, फार हलकं वाटलं. न्हाव्यानंही हातभार लावला. एक गाल झाला की वस्तरा वर धरायचा. "आधी मत, मग दुसरा गाल."

बुटक्याच्या चित्राखाली आकडा असायचा. तो रोज फुगत होता. मिस्त्री रोज मेहुण्याच्या पेटीवर कोपर टेकून तो आकडा बघायचा आणि मांडीवर थाप मारायचा. "बघ किती लोक खवळलेत. जगात अजून शरम शिल्लक आहे."

"आहे, दाजी," मेहुणा म्हणायचा आणि एखादा फोन उघडून त्यात डोकं घालायचा.

घरी बायको फार गोड वागायला लागली. मागायच्या आधी चहा. मिस्त्री बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "घाबरलीस ना? ऐकलंय, सगळं गाव तुझ्या बुटक्याला मत देतंय."

"ऐकलं," बायको म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी. मिस्त्रीला क्षणभर वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तो मोठ्यानं चहा प्याला.

निकालाच्या दिवशी मिस्त्री खोकं तयार ठेवून बसला होता. माळ्याला शिडीसुद्धा लावून झाली होती. मेहुणा धापा टाकत आला.

"पडला ना बुटका?"

"पडतो कसला. पहिला आला, दाजी. जलपरी दुसरी, ती पार मागं राहिली."

मिस्त्री उठून उभा राहिला. "एवढ्या लोकांनी मत देऊन?"

"दिलं म्हणूनच."

"अरे, मी स्वतः रोज मत दिलं त्याला."

"तेच म्हणतोय ना. तुम्ही दिलंत, गावानं दिलं. आला निवडून."

"माझं मत होतं, की तो बुटका भिकार आहे."

"ते मत तुमच्या तोंडातलं. ते हवेत गेलं. पट्टी दाबलीत ते मत बुटक्याला गेलं."

"म्हणजे मतं दोन असतात?"

"दाजी, निवडणुकीला तुम्ही काय करता?"

"काय करता म्हणजे? आत जातो. ज्याचा राग आहे त्याचं नाव शोधतो. मनातल्या मनात त्याला झाडतो, आणि त्याच्या नावापुढचं बटण दाबतो. सगळे तेच करतात."

मेहुणा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तोच माणूस निवडून येतोय, तो तुमच्यामुळं."

मिस्त्रीला काहीतरी फेकून मारायचं होतं. पान्हा बरा पडला असता. सापडला नाही.

आता मिस्त्री तापट होता, तोंडाचा फाटका होता, पण दिलेला शब्द फिरवणारा नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्याच्यात सरळ होती. त्यानं कपाट रिकामं करायला घेतलं. बायकोनं पोत्याचं तोंड धरलं. बेरिंग, पक्कड, तारेची रिळं, एकेक वस्तू तो पोत्यात अशी टाकत होता, जसा काही त्या वस्तूनंच गुन्हा केलाय.

"हळू. माझं पोतं फाटेल."

"सगळ्या जगात तुला सुचायला मीच सापडलो?"

"दिवसभर डोळ्यापुढं जे नाचतं तेच सुचतं. ड्रॅगन कुठं बघितलाय मी."

"हसतील लोक."

"हसत नाहीत हो. लिहिलंय कितीतरी बायकांनी, आमच्याकडं अगदी असाच आहे म्हणून. मला वाटायचं, माझ्या एकटीच्याच वाट्याला आलाय." ती जरा थांबली. "आता घरोघरी तुम्हाला कपाटात ठेवतील."

मिस्त्रीची मान नाही म्हटलं तरी थोडी ताठ झाली. "आणि?"

"आणि दार लावून घेतील. आवाज बाहेर येऊ नये म्हणून."

पुढं बऱ्याच दिवसांनी कंपनीचं पार्सल आलं. बायकोनं कापूस बाजूला करून बुटका काढला आणि कपाटात ठेवला. कुठं ठेवला असेल? पान्ह्याच्या जागेवर. चेटकिणीला तिनं शेजारी सरकवलं. मिस्त्रीनं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

पण त्याच दिवशी दारात गिऱ्हाईक आलं, जळलेली मोटार घेऊन, आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणून. मिस्त्री मोटारीपाशी बसला आणि उठला. पोतं उलटं केलं. बेरिंग गडगडत खाटेखाली गेले. त्यानं खाटेखाली बघितलं, खिडकीत बघितलं, गिऱ्हाईकाला उठवून त्याच्या बुडाखाली बघितलं. मग हात नाचवत, घर दणाणून सोडत ओरडला, "पान्हा कुठाय? या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ."

"जागेवरच आहे," बायको आतून म्हणाली.

मिस्त्रीनं धाडकन कपाट उघडलं. दोन बोटं उंचीचा बुटका ढेरी पुढं काढून उभा होता, तोंड फाडलेलं, मुठीत दाण्याएवढा पान्हा. मिस्त्रीच्या खांद्यावरून गिऱ्हाईक डोकावलं. त्यानं बुटक्याकडं बघितलं, मिस्त्रीच्या वर धरलेल्या हाताकडं बघितलं, आणि पुन्हा बुटक्याकडं.

"हुबेहूब," ते म्हणालं. "तोही हातात पान्हा धरूनच बोंबलतोय."