आपला प्लंबर

जगातल्या प्रत्येक संस्थेचा भार मधल्या माणसाच्या पाठीवर असतो. वरच्यांना फक्त वर बसायचं असतं आणि खालच्यांना सबबी सांगायच्या असतात. या दोन्ही कामांत व्यत्यय येऊ नये म्हणून मधला माणूस नेमतात. ऑगी फेर्रांते हा ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्ट भागातल्या एका संस्थेत असा मधला माणूस होता. पद कप्तान, हाताखाली अकरा माणसं (दोघे तुरुंगात, एक पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने घरी). संस्थेचं नाव देता येत नाही, कारण ती अस्तित्वात नाही. तसं तिचे सर्व सभासद वेळोवेळी कोर्टात शपथेवर सांगत आले आहेत, आणि इतक्या माणसांचं एकमत झालेली दुसरी बाब त्या भागात नाही.

अस्तित्वात नसल्यामुळे संस्थेची घटना लेखी नव्हती, पण पाळली मात्र काटेकोर जाई. त्यातलं पहिलं कलम ओळखीचं. सभासदाने दुसऱ्या सभासदाला आपण होऊन "मी सभासद आहे" असं सांगायचं नाही. दोघांना ओळखणाऱ्या तिसऱ्या सभासदाने मध्ये उभं राहून सांगायचं. बरोबरचा माणूस बाहेरचा असेल तर म्हणायचं, "हा माझा दोस्त." सभासद असेल तर, "हा आपला दोस्त." ना ओळखपत्र, ना शिक्का, ना साहेबाची सही. 'माझा' म्हटलं की हवापाण्यावर बोलायचं, 'आपला' म्हटलं की पोटातलं. या दोन शब्दांत गल्लत करणाऱ्याला एकच शिक्षा होती, आणि ती भोगलेल्या कुणीही नंतर तक्रार केल्याची नोंद नाही.

ऑगीने सव्वीस वर्षांत ही गल्लत कधी केली नव्हती. बायकोची ओळखसुद्धा तो "माझी बायको" अशी तोलूनमापून करून देई.

पण त्या जानेवारीत त्याच्या घरचा बॉयलर बंद पडला आणि अकरा दिवस बंदच राहिला. त्याची बायको फिलोमिना ओव्हरकोट घालून रविवारचा रस्सा ढवळू लागली. ऑगीच्या माणसांनी आपल्या परीने प्रयत्न केले. तिघांनी तळघरात जाऊन बॉयलरकडे रोखून पाहिलं. एकाने त्याला शेवटची संधी दिली. बॉयलरने दाद दिली नाही.

"अकरा माणसं हाताखाली," फिलोमिना म्हणाली, "आणि एकाला पाना धरता येत नाही. माणसं पिळा म्हटलं की सगळे पुढे."

"त्यांचं शिक्षण वेगळं आहे, फिलो."

"शिक्षणाने माझे पाय गरम होत नाहीत."

शेवटी तिनेच बे रिजमधून एनार हाल्व्होर्सन नावाच्या नॉर्वेजियन प्लंबरला बोलावलं. तो नऊला येतो म्हणाला आणि नऊला आला. वीस मिनिटांत बॉयलर सुरू केला, खाली सांडलेलं पाणी स्वतः पुसलं आणि पुन्हा बिघडला तर पैसे न घेता येईन म्हणाला. ऑगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत त्याने शब्द पाळणारी माणसं पाहिली होती, नाही असं नाही. पण ती सगळी धमकीचे शब्द पाळणारी होती.

त्याच दुपारी एका जुन्या सभासदाचं अंत्यदर्शन होतं. एनारही आला, कारण गेलेल्याच्या न्हाणीघराचं काम त्याने केलं होतं. संस्थेच्या पाच घराण्यांपैकी दुसऱ्या एका घराण्यातले दोन नंबरचे पुढारी पास्क्वालेकाका शवपेटीजवळ उभे होते. ऑगीचे पाय अजून उबदार होते आणि मन भरून आलं होतं. त्याने एनारच्या खांद्यावर हात टाकला.

"काका, हा एनार. आपला दोस्त."

काकांनी एनारच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि आवाज खाली आणला. (तिकडे कुठल्याच गोष्टीचं नाव घेत नाहीत. भिंतींना कान असतात, आणि त्यांतले काही सरकारने बसवलेले असतात.)

"ती गोष्ट अजून तिथंच आहे," काका म्हणाले.

"किती दिवस झाले?" एनारने विचारलं.

"तीन आठवडे."

"मग काढायला हवी. आता थंडी आहे म्हणून. उन्हाळ्यात वास सुटेल."

काका विचारात पडले. "आमची पोरं म्हणतात, वर काँक्रीट ओतलंय, काळजी नको."

"काँक्रीटला भेगा जातात, काका. मी पुष्कळ पाहिल्यात."

"गुणी माणूस आहे," काका ऑगीला म्हणाले. "लपवून कुठं ठेवला होतास?"

आपण कोणता शब्द बोललो ते ऑगीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या घराण्याचा सल्लागार उगो तारान्तो याच्याकडे गेला. उगो हा संस्थेतला एकमेव माणूस, ज्याने एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं (विम्यावरचं). त्याने ऐकून घेतलं आणि तीन बोटं वर केली.

"एक, प्लंबरला उडवायचं. पण काकांच्या लेखी तो आता सभासद. सभासदाला उडवायचं तर वरची परवानगी लागते. परवानगी मागायची तर कारण सांगावं लागतं. कारण तू."

"आणि दोन?"

"दोन, तुला उडवायचं. याला काही अडचण नाही. राग मानू नकोस ऑगी, पण कागदावर हाच बरा दिसतो." (कागद नव्हता.)

अकरा दिवस थंडीत काढल्यावर आता कुठे घर गरम झालं होतं, आणि ऑगीला ते सोडून जायचं नव्हतं. तो म्हणाला, "तिसरं बोट कशाचं?"

"तू बोललास ते खरं करायचं. प्लंबरला सभासद करून टाकायचं. मग चूक राहतेच कुठं? फक्त तारीख मागेपुढे."

"पण नियम आहे, उगो. बाप इटलीचा लागतो. याचा बाप नॉर्वेचा खलाशी."

"कधी इटलीला गेला होता?"

एनारला फोन करून विचारलं. बापाची बोट नापोलीला दुरुस्तीसाठी चार दिवस उभी होती.

"बाप इटलीत होता," उगोने निकाल दिला. "इटलीचा आणि इटलीत, एका अक्षरासाठी माणूस मारणारी ही संस्था नव्हे." (एका शब्दासाठी मारणारी होती, पण ते कलम वेगळं.)

पुढच्या मंगळवारी, जेवणानंतर, विधी झाला. बोटाला सुई टोचून रक्त काढलं, मग संताचं चित्र तळहातावर ठेवून पेटवलं. एनारने फक्त खाली ओलं फडकं ठेवू का, एवढंच विचारलं. मग उगोने त्याला सभासदाची कर्तव्यं समजावली. पहिलं, तोंड बंद. दुसरं, बोलावलं की यायचं. तिसरं, हाताने काम करायचं नाही. सभासद पाना धरताना दिसला तर संस्थेची शोभा जाते.

"म्हणजे सुट्ट्या किती?" एनारने विचारलं.

"सगळ्या."

एनारने थोडा विचार केला आणि हत्यारांची पेटी भाच्याला देऊन टाकली. (भाचा सुतार.) अशा रीतीने ऑगीचा जीव वाचला. काकांना तर एनार इतका आवडला, की वर्षाच्या आत ते त्याला सल्ल्यासाठी आठवड्यातून दोनदा बोलावू लागले. थांबा, वास येईल, भेगा जातील, अशी त्याची वाक्यं पाचही घराण्यांत आदराने सांगितली जाऊ लागली.

इतर कप्तानांनीही धडा घेतला, पण वेगळा. कामाचा माणूस दिसला की ऊर भरून येतो आणि तोंडून 'आपला' निघतो, हा दोष एकट्या ऑगीचा नव्हता. दोन वर्षांत अठ्ठ्याऐंशीव्या रस्त्यापर्यंतचे चार वायरमन, दोन गवंडी आणि एक अप्रतिम चांभार सभासद झाले. परिसरातलं काम करता येणाऱ्यांचं प्रमाण त्या काळात एकाहत्तर टक्क्यांनी घटलं. यात कुणालाच अन्याय वाटला नाही, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी ओळखीचा होता.

तिसऱ्या जानेवारीत ऑगीचा बॉयलर पुन्हा बंद पडला. त्याने एनारला फोन केला.

"बिघडला तर येईन म्हणाला होतास."

"ते मी तुझा असताना म्हणालो होतो, ऑगी," एनार मायेने म्हणाला. "आता मी आपला."

फोन ठेवून ऑगी ओव्हरकोट चढवून स्वयंपाकघरात बसला. फिलोमिनाने विचारलं, "रस्त्यापलीकडे एक नवा प्लंबर आलाय म्हणे. पाटी लावलीय, वेळ लिहिलीय, दर लिहिलाय. त्याला बोलवू?"

"पाटी वाचून?" ऑगीला धक्काच बसला. "ओळख ना पाळख. आपला कुणी त्याला ओळखतो का, ते आधी बघू."

ते दोघं अजून थंडीत बसले आहेत. तुम्हाला त्यांचं हसू आलं असेल, तर ते साहजिक आहे. असल्या टोळ्या तिकडेच असतात. इकडे परवा मुलाच्या प्रवेशासाठी गेलात, तेव्हा फाटकावर नियमांची पाटी होती. ती न वाचता तुम्ही आधी फोन लावलात आणि विचारलंत, "तिथं आपलं कुणी आहे का?" प्रवेश मिळाला, अभिनंदन. फक्त ओळख ज्याने करून दिली, त्याचं नाव सांभाळून ठेवा. पुढेमागे तो त्याची कामं घेऊन येईल, आणि त्या वेळी तुम्हाला "मी बाहेरचा" असं म्हणता येणार नाही.