पिट्टेटोल्यातली कडू गोळी

सन १९९८च्या पावसाळ्यात धानोरा तालुक्यातल्या सत्तावीस गावांत हिवताप येणार नाही, असा ठराव वनताप निवारण विशेष कक्षाच्या बैठकीत एकमतानं मंजूर झाला. डासांचा प्रतिनिधी बैठकीला नव्हता, त्यामुळे विरोधाचा प्रश्न आला नाही. ठरावामागचं कारणही भक्कम होतं. क्लोरोक्वीनच्या गोळ्यांची निविदा तिसऱ्यांदा रद्द झाली होती, आणि त्याच आठवड्यात एका धर्मादाय संस्थेनं 'चायना तीस' या होमिओपॅथिक औषधाच्या वीस बाटल्या कक्षाला भेट दिल्या होत्या.

चायना सिंकोनाच्या सालीपासून करतात. याच सालीतून निघालेल्या कोयनेलनं आपल्या आजोबांचा हिवताप पळवला होता आणि कान बधिर केले होते. फरक एवढाच, की इथे अर्काचा एक थेंब शंभर थेंबांत मिसळायचा, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. शेवटी उरते ती साबुदाण्याएवढी गोड गोळी आणि तिची शक्ती. कक्षप्रमुख साहेबांची अर्धशिशी अशाच गोळ्यांनी थांबली होती. तेव्हापासून साहेबांचा या शास्त्रावर विश्वास होता, आणि साहेबांचा ज्यावर विश्वास असतो त्यावर कक्षाचाही असतो.

"साहेब, वीस बाटल्या सत्तावीस गावाले पुरत नाई," आरोग्यसेवक गुणवंतराव म्हणाले. बावीस वर्षं जंगलात सायकल हाणूनही खरं बोलायची खोड त्यांची गेली नव्हती.

"इथेच तुमची बुद्धी आडवी येते," साहेब हसले. "औषध जितकं विरळ, तितकी शक्ती जास्त. बाटली गावाच्या विहिरीत ओता, आणि त्या विहिरीचं तांब्याभर पाणी पुढच्या गावाच्या विहिरीत."

"विहिरी मोठ्या हायेत, साहेब."

"मग तर फारच उत्तम."

उग्र वासानं औषधाची शक्ती जाते, असं साहेबांनी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून घरात साठवलेली मोहाची फुलं बाहेर काढण्याचं परिपत्रक निघालं. लोकांनी वर्षभराचा मोहा अंगणात काढला, तो पावसात भिजून आंबला, आणि आधी घरापुरता असलेला वास गावभर झाला. कक्षानं त्यावर 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा मारला.

मग साहेबांना वाटलं, जे औषधाला लागू ते आस्थापनेला का नको? सत्तावीस गावांना चार आरोग्यसेवक होते. तिघांना मुख्यालयात टेबलं दिली. उरलेले गुणवंतराव चौपट शक्तीचे झाले. डॉक्टरांचं पद दोन वर्षं रिकामं होतं. ते भरण्याचा प्रस्ताव साहेबांनी परत पाठवला, कारण भरलं असतं तर शक्ती उतरली असती.

घराच्या दाराशेजारी भिंतीवर भेटीची तारीख लिहून सही करायची, ही आरोग्यसेवकाची जुनी रीत. एकट्या माणसानं सत्तावीस गावं कशी फिरायची? गुणवंतरावांनी जुलैच्या एकाच फेरीत घरोघर दिवाळीपर्यंतच्या सगळ्या तारखा सहीनिशी लिहून टाकल्या. हे चुकलंच त्यांचं. पण सायकल एक होती आणि नाले सोळा.

ऑगस्टमध्ये या सत्तावीसांतल्याच पिट्टेटोल्याचा पोचू आजारी बायकोसाठी चौदा किलोमीटर चालत धानोऱ्याला त्यांच्या दारात आला.

"गुणवंतभाऊ, मंगलीले हिव भरून येऊन राह्यलं. एक दिवस आड. काल तर तिनं आपलं पोरगं नाई ओळखलं."

"विहिरीचं पानी पेते ना?"

"तेच पेते. ताप बी तेच पिऊन राह्यला वाट्टे."

गुणवंतरावांच्या पेटीत क्लोरोक्वीनच्या दहा गोळ्या शिल्लक होत्या. हिवतापमुक्त गावांतला असा साठा 'अनावश्यक' म्हणून परत करायचा होता, पोचपावतीचा कागदसुद्धा लिहून तयार होता. त्यांनी कागद फाडला आणि गोळ्या पोचूच्या मुठीत कोंबल्या.

"आज चार, उद्या चार, परवा दोन. काही खाल्ल्यावर दे. अन् कोणाले सांगू नको."

"काऊन?"

"तुह्या गावात ताप नाई म्हणून."

चौथ्या दिवशी मंगली उठली, पोराला पाजलं आणि भाताच्या रोवणीला गेली. बातमी बाजाराच्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरच्या कानावर आली. कक्षाला वार्षिक पुस्तिकेसाठी एक यशोगाथा हवीच होती. साहेब फोटोग्राफर घेऊन पिट्टेटोल्यात पोचले, विहिरीच्या काठावर मंगलीला उभं केलं आणि प्रेमानं विचारलं, "बाई, औषध गोड होतं ना?"

"कडू होतं, साहेब. भल्ली कडू गोळी."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. पोचूनं मान खाली घातली.

"तापात तोंड कडूच असतं," साहेब म्हणाले, आणि यशोगाथेत तसंच छापलं गेलं. पण साहेब मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर बरं झालं असतं. आठवडाभरात गुणवंतराव निलंबित झाले. आरोप असा, की हिवतापमुक्त गावात हिवतापाची गोळी देऊन त्यांनी गावाची बदनामी केली. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. आरोग्यसेवकांचा आकडा शून्यावर आला आणि शक्ती परमोच्च झाली.

सप्टेंबरात पोचूला हिव भरलं. मंगली पोर पाठीशी बांधून धानोऱ्याला गेली. गुणवंतरावांच्या खोलीला कुलूप होतं. कक्षात बाबूनं यादी पाहिली.

"पिट्टेटोला? तिथं ताप नाई बाई."

"माह्या घरात हाये. कडू गोळी द्या."

"कडू गोळी बंद झाली. विहिरीचं पानी पाज."

तिनं दोन दिवस पाणी पाजलं. चौदा सप्टेंबरला, दुपारी, पोचू गेला. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, ज्यानं बायकोसाठी चौदा किलोमीटर तुडवले होते, एका मुठीत मावतील इतक्या गोळ्यांवाचून गेला. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो लपवण्याइतकी माझी शक्ती वाढलेली नाही.

चौकशीला आलेल्या पथकानं भिंत तपासली. तिथं १४ सप्टेंबर ही तारीख होती आणि गुणवंतरावांची सही होती. म्हणजे मृत्यूच्या दिवशीच आरोग्यसेवकानं भेट दिली होती, सेवा वेळेवर पोचली होती. निलंबित माणूस सही कशी करतो, हे कोणी विचारलं नाही. 'मृत्यूचं कारण: इतर', असं लिहून पथक परतलं.

गावानं अंगठे उठवून दोन पानी अर्ज केला. तालुक्यानं त्याचा एक परिच्छेद केला, जिल्ह्यानं एक ओळ केली. नागपूरच्या वर्तमानपत्रात सातव्या पानावर, साडीच्या सेलच्या जाहिरातीखाली, 'दुर्गम भागात एक दगावला' एवढंच आलं. नाव नव्हतं. ते तुम्ही चहा पिता पिता वाचलंत आणि 'अरेरे' म्हणालात. मीही म्हणालो. मग पान उलटलं.

साहेबांच्या शास्त्राप्रमाणे इतकं विरळ झालेलं 'अरेरे' फार शक्तिमान असतं. पिट्टेटोल्यात मंगलीच्या पोराला परवापासून हिव भरतंय. आपल्या 'अरेरे'चा गुण कधी येतो, याची ती वाट पाहते आहे.