बगळ्याच्या खिडकीतली नवी चूक

मुलांनो, मांडी घालून बसा. मध्ये शंका काढायच्या नाहीत. या गोष्टीत शंका काढणाऱ्यांचं काही भलं झालेलं नाही.

एका जंगलात सरकारी दवाखाना होता. आत अस्वलवैद्य औषध कुटायचे, बाहेर खिडकीत बगळा बसायचा. आजाऱ्याचं नाव, वय आणि दुखणं पळसाच्या पानावर लिहून बगळ्याला द्यायचं. पान पटलं तर औषध मिळे. नाही पटलं तर बगळा म्हणे, "चूक." काय चुकलं, ते सांगायची पद्धत नव्हती.

एकदा साळूबाई साळिंदर पान घेऊन आली. तिच्या पिल्लाला तीन दिवस ताप होता. वय पावसाळ्यांत लिहायचं असा नियम, आणि पिल्लू जेमतेम चार महिन्यांचं. त्याने एकही पावसाळा पाहिला नव्हता. म्हणून बिचारीने 'शून्य' लिहिलं.

"चूक," बगळा म्हणाला.

"काय चुकलं, दादा?"

"चूक म्हणजे चूक. पुढचा कोण?"

तिने अक्षर सुधारलं. पान बदललं. 'ताप' खोडून 'ज्वर' लिहिलं. बगळ्याचं उत्तर तेच. शेवटी ती रडतरडत सिंहमहाराजांकडे गेली. महाराजांनी वानरपंतांना बोलावलं. पंत जंगलातले सगळ्यात हुशार गृहस्थ, असं ते स्वतःच सांगत.

पंतांनी पान पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. खिडकीत शून्य चालत नव्हतं. नियम करताना तान्ह्या पिल्लांची कुणाला आठवणच झाली नव्हती. नियमातली एक ओळ बदलली की काम झालं असतं. पण एक ओळ बदलणाऱ्याला कोण विचारतो?

"महाराज," पंत म्हणाले, "खल फुटला तरी बगळा म्हणतो चूक, मुळी संपली तरी चूक, पान बिघडलं तरी चूक. हे मागासलेपण आहे. बिघडलेल्या पानासाठी स्वतंत्र जातीची चूक हवी."

महाराजांना हे फार पटलं. समिती बसली. दोन दिवस नावावर भांडण झालं. मग 'अग्राह्य-निवेदन-दोष' ठरलं. दोन दिवस शिक्का कोरण्यात गेले. साळूबाई रोज खिडकीशी येऊन उभी राही आणि बगळा तिला थांबायला सांगे.

पाचव्या दिवशी समारंभ झाला. पहिला मान साळूबाईचा. बगळ्याने तिच्या पानावर नवा शिक्का हाणला. शिक्का इतका मोठा, की खालचं सगळं झाकलं गेलं.

"यात काय चुकलं ते लिहिलंय का?" तिने विचारलं.

"नाही. कोण चुकलं ते लिहिलंय."

"कोण?"

"तुम्ही."

टाळ्या वाजल्या. पुढे खल फुटला, मुळी संपली, वैद्य जेवायला गेले, तरी बगळा तोच शिक्का मारू लागला. एवढा खर्च करून केलेला शिक्का पडून कसा राहू द्यायचा?

सहाव्या दिवशी साळूबाई आली नाही. पिल्लू पहाटेच गेलं होतं. बगळ्याने दिवसभर वाट पाहिली आणि वहीत लिहिलं, 'तक्रार पुन्हा आली नाही. दोषनिवारण झालं.' ती ओळ वाचून महाराजांनी पंतांना शाल दिली.

तात्पर्य: बाळांनो, चूक कधी दुरुस्त करू नये. दुरुस्त केली की ती संपते, आणि आपलं काम पण संपतं. तिला भारदस्त नाव द्यावं आणि समोरच्याच्या अंगावर टाकावी. समोरचा आपोआप यायचा थांबतो.